बोटभर वर

राजलिंग येमूलमामा आधी लूमचे जॉबर,
आता रायफल क्लबच्या मागच्या खोलीत
उडालेल्या पुंगळ्या मोजतात.
बाहेर सोलापूरचं बेचाळीस डिग्री ऊन,
आत पंखा बंद. ज्योत हलते म्हणून.

"उडाली की पुंगळी फुगते," मामा सांगतात,
"ज्या चेंबरात फुगली त्याचं माप अंगावर घेऊन येते.
पोरं काय करतात, डाय खालपर्यंत फिरवून हँडल मारतात.
खांदा पार मागे. कारखान्यातून आली तशी कोरी!
परत फुगते, परत दाबतात.
तार इकडून तिकडं वाकवत राहिलं की?"
तुटते.
"मग?"

मामा खांदा दोन थाऊ मागे सारतात.
दोनच.
बोल्ट मिटेल एवढं.
तेलाचा हात ओझरता, जास्त झालं की खांद्याला खळी पडते.
खळी गालाला शोभते, म्हणतात आणि स्वतःच हसतात.

दिवा मालवून मान ज्योतीत धरायची, फिरवत.
लाल नको. अंधारात नुसती चाहूल लागली की काढायची.
बुडाला मात्र ऊब लागू द्यायची नाही.
"बूड मऊ पडलं तर तुझा डोळा जाईल, पितळेचं काय जातंय."

मग सायकलचा स्पोक, टोक वाकवून, घासून अणकुचीदार केलेला.
आत घालून हळू वर ओढायचा.
अकरा वेळा उडालेली एक, वरून लख्ख, नवरीसारखी.
बुडापासून बोटभर वर
टोक अडलं. किंचित.
परत ओढलं, परत तिथंच.

मामांनी काही न बोलता पक्कड घेतली,
तोंड चेपून डब्यात टाकली,
वहीत अकराच्या पुढं फुली.
"तोंड फाटलं तर दिसतं गं.
पितळ उघडं पडतं ते इथनं."

घरी अम्मा कांड्या भरत बसलेली.
चाळीस वर्षं त्याच लाकडी कांड्या,
रिकाम्या येतात, भरून जातात,
नखाला चीर लागली तर एखादी चुलीत.
सूत न तोडता म्हणाली, जेवून घे, शेंगाचटणी आहे.

मी मागे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला,
कमरेच्या बोटभर वर,
आणि हळूहळू वर ओढत नेला.

"काय हुडकलालीस गं?"