गच्चीवरचं बेट

महालात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे
मुकादमकाका. टपालखात्यात. कोकणातल्या कुठल्याशा बेटावरचे.
मे महिन्यात गच्ची रात्री दहालाही पोळायची,
तेव्हा दोन बादल्या पाणी मारून
ते चुन्याच्या खड्याने बेट काढायचे.

"हा धक्का." म्हणजे पन्हाळीचं तोंड.
"इथे फिरंग्यांची तोफ, आता तिला शेळी बांधतात."
दीपगृह म्हणजे टाकीची शिडी.
मशीद, तिच्या मागे खारव्यांचं देऊळ,
दोघांत गोड्या पाण्याची एकच विहीर,
तिच्यावरून भांडणं पेटली अन् तिच्यामुळेच मिटली.
पाणी वाळलं की रेघा ठळक व्हायच्या.

आम्ही पोट्टे एका उडीत समुद्र ओलांडायचो.
"बुडालास रे," काका म्हणायचे, "तिथे चार वाव पाणी आहे."
खाली कूलरचा पंप, वाळ्याचा वास.
"भरती लागली," म्हणून ते आडवे व्हायचे.

परवा गेलो. लाँचमधून उतरलो,
कोणाला काही विचारावं लागलं नाही.
तोफ होती. शेळीही होती, दुसरी असेल.
विहिरीवर जाळी, नळ आलाय म्हणे.
नकाशात नव्हतं ते एवढंच:
काका जिथे आपली खाट टाकायचे
तिथे एक उघडं जोतं
अन् त्यावर कोणाची तरी सुकट वाळत.

रात्री लॉजवर डोळ्याला डोळा नाही.
बायको अर्धवट झोपेत म्हणाली,
"कूलर बंद करा ना हो,
पाणी संपलं असन त्यातलं."