धुक्यातली पेनल्टी

फेरोच्या दक्षिण टोकाला, आमच्या मैदानाला गॅलरी नाही.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगराचा चढ,
चढावर रस्ता, रस्त्यावर ओळीनं लावलेल्या गाड्या.
इथली माणसं सामना गाडीतूनच बघतात,
काच वर, हीटर सुरू, मांडीवर थर्मास.
गोल झाला की हॉर्न.
चुकलं की वायपर एकदा फिरतो,
पाऊस नसला तरी.

बाबांची गाडी मला लांबून ओळखू येते.
दोन हिवाळ्यांपूर्वी एका एडक्यानं तिचा डावा दिवा फोडला,
तो त्यांनी बसवलाच नाही.
दोन डोळ्यांच्या गाड्यांत ती एकटी काणी,
आणि नेमके तिच्याच नजरेनं माझे पाय जड होतात.

नजर लागते म्हणतात माणसाला.
मला लागत नाही, अडकते,
बुटाच्या नाडीत, गुडघ्याच्या वाटीत.
चेंडूपर्यंतची सात पावलं मी एरवी न मोजता टाकते;
तो दिवा दिसला की मोजते,
आणि मोजलेलं पाऊल
दुसऱ्याच कुणाचं तरी असतं.

होड्यांच्या शेडची मागची भिंत मात्र विचारा.
तिथे संध्याकाळी मी, चेंडू आणि अकरा मेंढ्या.
खडूनं काढलेल्या चौकटीत शंभरातले अठ्ठ्याण्णव.
मेंढ्याही बघत असतात, अगदी टक लावून,
पण मेंढ्या मोजत नाहीत.

आमची कॅप्टन बार्बा वेगळीच बाई.
रिकाम्या मैदानात तिला धावता येत नाही,
सरावाला येते ती उशिरा, पेंगुळलेली, पाय ओढत.
आणि रविवारी चाळीस गाड्या लागल्या की
अंगात आल्यासारखी खेळते.
"कुणी बघितलं की मी असते," म्हणाली एकदा.
मी म्हटलं, मला कुणी बघितलं की मी नसते.
ती हसली. मग पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

त्या रविवारी ऐंशीव्या मिनिटाला वारा पडला
आणि समुद्रावरून धुकं आत आलं.
आधी डोंगर गेला, मग रस्ता,
मग एकेक करून गाड्या,
शेवटी तो एकुलता दिवा,
आहे आहे म्हणेपर्यंत नाही झालेला.
तेवढ्यात पेनल्टी.
रेफरी म्हणाला, एवढी घेऊन टाक, मग थांबवू.
समोरची गोलकीपर, सोल्वा तिचं नाव,
मला हातमोज्यांपुरतीच दिसत होती:
दोन पिवळे डाग.

मी पावलं मोजली नाहीत.
चेंडू उजव्या वरच्या कोपऱ्यात शिरला
आणि ओलं जाळं झटकावं तसा आवाज आला.
"छान होती," सोल्वा हळूच म्हणाली,
जणू आम्ही दोघी कुणाच्या तरी झोपेशेजारी उभ्या होतो.

रस्त्यावर चाळीस गाड्या गप्प.
मी खूश होते, खरंच,
आणि माझे कान चढाकडे लागले होते.
मला तो हॉर्न हवा होता,
तोच, घोगरा, कायम सर्दी झालेला.
बऱ्याच वेळानं वाजला एकदा,
अर्धवट,
प्रश्नासारखा.

घरी जाताना बाबा काचेला नाक लावून गाडी हाकत होते.
एका दिव्यानं धुकंच तेवढं उजळतं, रस्ता नाही.
"गेला म्हणे?"
"गेला."
दोन वळणं काहीच बोलले नाहीत. मग,
"कुठल्या कोपऱ्यात?"
"डाव्या," मी म्हटलं. "खाली."
त्यांनी मान हलवली, बघितला असावा तशी,
आणि थर्मास माझ्याकडे सरकवला.