लाल गाठ

बहात्तर पोलादी खुंट्या, पाच-पाच मीटरवर.
ईयोकीच्या काठी सप्टेंबरातच दात वाजतात.
हातोडा माझ्याकडे. तायमी मागून
प्रत्येकीला केबलचा चिमटा लावत येते.

तेराव्या खुंटीला जमीन बोलेना.
नुसती कोरडी वाळू. तायमीने थर्मास उपडा केला,
उरलेल्या कॉफीत चिमूटभर मीठ.
"घे गं बाई," म्हणाली, आणि आकडा हलला.

पलीकडे सतरा घरं,
त्यांच्या विहिरींना लोखंडाची चव.
पाइप नदीच्या पोटाखालून न्यायचा,
सॅमनला पत्ता लागू न देता.

रात्री व्हॅनमध्ये पडद्यावर चित्र उमटलं.
निळी ती चिकणमाती: वीज तिच्यात
माहेरी आल्यासारखी हिंडते.
लाल म्हणजे हट्ट.
आणि ऐन मधोमध, अकरा मीटर खाली,
एक लालभडक गाठ.
"बर्फ वितळताना विसरलेलं सामान," तायमी म्हणाली.

ओइवा ड्रिलवाला गप्प.
गेल्या साली त्याचं टोक अशाच एका नदीखाली तुटलं,
अजून तिथेच आहे.
त्याने पेन्सिल उचलली, रेघ वाकवली,
सोळा मीटरवरून, निळ्यातून.

नवव्या दिवशी पलीकडच्या काठावर,
झेंड्यापासून हातभर बाजूला
गवत फुगलं, आणि टोक बाहेर आलं
नुकत्या जन्मलेल्या वासरासारखं, चिखलाने माखून.
ओइवाने हातमोजा काढला, त्यावर तळवा टेकवला.

ती गाठ कोणीच पाहिली नाही.
आता पाहणारही नाही.

मी खुंट्या मोजून पेटीत भरल्या.
एकाहत्तर.
कॉफी प्यालेली ती
मागेच राहिली असणार.