सोबत

सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये मी काट्यावर असते.
तेरा किलो, वर थोडी पाण्याची तूट,
खोक्यावर शिक्का, शिक्क्यात तारीख,
कंटेनरचं दार लागलं की माझं काम संपतं.
एरवी संपतं.

या खेपेचे आठ कंटेनर
सामुद्रधुनीच्या तोंडाशी अकरा दिवस उभे आहेत.
आत साडेतेरा अंश, बाहेर कोणाकोणाची लढाई.
लीलाधरशेठ मोबाइलवर निळा नकाशा उघडतात,
दोन बोटांनी जहाज मोठं करतात, लहान करतात.
जहाज हलत नाही.
'हिरवं राह्यलं पाहिजे,' म्हणतात,
'अजून आठवडाभर तरी हिरवं राह्यलं पाहिजे.'
कोणाला म्हणतात, कळत नाही.

आज बातमी आली.
नौदलाची एक नौका पुढे, एक मागे,
मधे व्यापारी जहाजं, एका रांगेत, दिवे मालवून.
पुढच्या नौकेवर गुलशेर आहे,
म्हणजे त्याच्या आईला तसं वाटतं.
त्याने सांगितलेलं नाही, सांगायची मुभा नाही.
फोन लागत नाही त्या अर्थी तिथेच,
हा रुबाबी तडवीचा हिशोब.
पोरगा पालच्या पायथ्याचा. सुकी नदीत पोहायला शिकला,
आणि सुकी तर होळीपर्यंतच नदी असते.

रुबाबी हौदात फण्या धुते.
तुरटीच्या पाण्याने तिच्या बोटांवरच्या रेघा गेल्यात,
रेशनच्या मशीनला तिचा अंगठा ओळखू येत नाही.
'एस्कॉर्ट म्हंजे काय व बाई?'
मी सांगायला गेले : जहाजांना भीती असते,
म्हणून तोफावाली नौका बरोबर चालते...
'म्हंजे सोबत,' ती म्हणाली
आणि पुढची फणी उचलली.

मला आमची पाणंद आठवली.
दोन चुलत भावांच्या मळ्यांमधली. दोघंही म्हणायचे, माझी.
दोन्हीकडून बांध सरकत सरकत
मधे बैलगाडीपुरती फट उरली होती.
रोपांच्या वर्षी तहसीलदारांनी बंदोबस्त दिला :
एक हवालदार पुढे फटफटीवर, एक मागे,
मधे चार ट्रॅक्टर.
मी तिसऱ्यावर, मांडीवर रोपांचा ट्रे.
बांधांवर माणसं उभी, घडी घातलेल्या हातांची.
कोणी दगड मारला नाही.
कोणी खोकलंसुद्धा नाही.
पुढच्या हवालदाराची मान मला अजून दिसते,
घामाने कॉलर काळी झालेली,
एकदाही न वळलेली.
पलीकडे पोचल्यावर त्याने ओंजळभर पाणी मागितलं
आणि अर्धं सांडलं.

दुसऱ्या दिवशी पाणंदीत बाभळीच्या फांद्या परत पडल्या होत्या.

हे मी रुबाबीला सांगितलं नाही.

संध्याकाळी पाळी सुटली. परवा शिवारात बिबट्याचे ठसे दिसले,
तेव्हापासून कोणी एकटं जात नाही.
तिची वाट केळीतून, पानं दोन्हीकडून मिटलेली,
वर आभाळाची एक चिरी.
मी बॅटरी घेतली, पुढे झाले. ती मागे.
बोलत राहायचं असतं, म्हणजे जनावर बाजूला होतं,
म्हणून आम्ही तेलाच्या भावाबद्दल बोललो,
मग तिच्या सुनेच्या दाढेबद्दल,
मग बोलणं संपलं
आणि नुसत्या चपला वाजत राहिल्या.

तिच्या दारात लाल बल्ब होता.
पाणी प्याले, निघाले.
'थांब,' ती म्हणाली, 'एकटी कशी जाशीन?'
आणि पदर खोचून माझ्याबरोबर परत निघाली.
केळीच्या मधोमध पोचलो तेव्हा मला हसू आलं.
म्हटलं, आता तुला सोडायला मी येऊ,
मग मला सोडायला तू?

ती हसली नाही.
बॅटरीच्या उजेडाच्या पुढे कुठेतरी बघत म्हणाली,
'आगबोटी तिकडे पोचतीन, बाई.
मंग येतांना
त्याच्यासंगं कोन ऱ्हातं?'