तेहतीसला थोडं कमी

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
मी, दिलावर सोलकर आणि अमोनियाचा वास.
साल चौऱ्याहत्तर.
लादी जमायला सोळा तास लागत,
तेवढ्या वेळात माणूस काय काय ऐकेल.

तबकडी त्यानं हल बंदरात पत्त्यांत जिंकलेली.
हरलेला खलाशी म्हणाला म्हणे,
घे, पण जपून वाजव,
हिच्यापायी माझी बायको निघून गेली.
दिलावरला वाटलं, गाणारी कुणी बाई असणार.
निघाले चार दाढीवाले,
एक तोंडाचा बाजा,
आणि गिटार, जी बोलायची कमी, कण्हायची जास्त.

कव्हर त्याच्या अम्मीनं मिठाच्या बरणीवर झाकलं.
दोन पावसाळ्यांत चौघांचे चेहरे गेले,
दाढ्या तेवढ्या उरल्या.
नावही तिथेच विरघळलं.
आम्ही तिला काळी म्हणायचो.
काळी लावू? लाव.

आमचा कॉम्प्रेसर दर तिसऱ्या ठोक्याला लंगडायचा.
त्यांचा ड्रमवालाही.
हापण कुठल्यातरी कारखान्यात होता, दिलावर म्हणायचा,
कान सांगतो.

मध्यरात्री दोन्ही पंप लागले की विजेचा दाब पडे,
बल्ब पिकल्या रातांब्यासारखा होई,
तबकडी दमायची.
मग तो गाणारा कमरेएवढ्या पाण्यातून चालल्यासारखा
एकेक शब्द उचलून
पुढे ठेवायचा.
इंग्रजी आम्हाला कुठे येत होतं.
पण ओहोटीत रुतलेली होडी ओढताना
छातीतून जो आवाज निघतो,
तो कळायला शाळा लागत नाही.

यसू चोगले पहाटे चारला बर्फ न्यायला यायची.
पहिल्यांदा पाटी टेकवून म्हणाली,
"कोन बुडाला याचा?"
कुणी नाही, गाणं आहे.
"मंग येवढा जीव तोडून?"
तिचा नवरा सत्तर साली गेलेला.
होडी आली होती परत, जाळ्यासकट.
नंतर तिनं विचारलं नाही काही.
बाजू संपेपर्यंत उभी राहायची,
भुश्यातून पाणी गळत राहायचं,
आणि गळलेल्या बर्फाचा हिशेब
तिनं कधी मागितला नाही.
बाकी पैशाला पक्की होती.

दुसऱ्या बाजूला एक चरा होता.
सुई तिथं अडायची,
एकच शब्द गरागरा, गरागरा,
नांगर सुटत नसल्यासारखा.
दिलावर दांडीवर पाच पैशांचं नाणं ठेवायचा.
ॲल्युमिनियमचं, फुंकरीनं उडेल असं,
तरी पुरायचं.

पुन्हा जहाजावर गेला तेव्हा
मशीन मला दिलं, काळी मला दिली,
नाणं खिशात घेऊन गेला, विसरून.
मोंबासाहून एक पत्र आलं.
मग नाही.

कारखाना बंद झाला. मशीन गंजलं.
काळी एका मे महिन्यात पत्र्याखाली
पापडासारखी वाकली.

परवा भाच्यानं मोबाईलवर ती शोधून काढली,
माझ्या बोटांचा ठेका ऐकून. हुशार आहे.
लख्ख आवाज. चरा नाही, खरखर नाही.
गाणारा कोरड्या जमिनीवरून
तरातरा चालला होता, बाजाराला निघाल्यासारखा.
हा नव्हे, मी म्हटलं.
"मामा, हाच. सगळ्या जगात हाच आहे."
असेल.
जगाला वीज पुरी मिळत असेल.

दुसरी बाजू लागली.
ती जागा जवळ आली तसा
माझा हात आपोआप पुढे झाला, दोन बोटं चिमटीत,
आणि गाणं न अडखळता
निघून गेलं.