दिसायलंय का

बॉलपेन. पाच रुपयांचं, टोपण हरवलेलं.
कीबोर्डवर राहिलं आणि मी झाकण मिटलं,
एवढंच.
सकाळी उघडलं तर काचेत शाई सांडल्यासारखं काळं,
आणि त्याच्या कडेला एक जांभळी रेघ,
तेवढी जिवंत.

परभणीचा पोरगा फोनवर म्हणाला,
पॅनल पाच हजार, आठ दिवस, मॉडेल जुनं आहे ताई.
स्कॉलरशिपची शेवटची तारीख शुक्रवार.
आज सोमवार.

मुनीरभाईंचं नेट कॅफे बंद होऊन नऊ वर्षं झाली,
त्या गाळ्यात आता ते गाद्या भरतात.
माळ्यावरून मॉनिटर उतरवला, कापूस झटकला,
वायरीची वाकडी पिन दाभणानं सरळ केली.
‘घे बेटा. हिरवट दिसतो जरा. डोळ्याला बरा.’

आधी दोन्हीकडं अंधार.
पासवर्ड तसाच टाकला,
बोटांना पाठ होता, मला नव्हता.
मग एक बटण धरून दुसरं दाबायचं, मोजून,
एकदा, दोनदा,
थांबायचं.
मुनीरभाई दारातूनच, ‘दिसायलंय का?’
दिसायलंय.

बाण मात्र जुन्या सवयीनं
अजून त्या मेलेल्या काचेत शिरतो.
एखादी खिडकी तिकडंच उघडते,
टिंग वाजतं, काहीतरी विचारायली असते,
हो की नाही.
मी एंटर दाबते.
काय कबूल केलं कोण जाणे.

पूर्वी लॅपटॉपची पाठ गिऱ्हाइकाकडं असायची.
लोक माझ्या तोंडाकडं बघत बसायचे,
रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडं बघावं तसे.
हा डबा टेबलावर मावेना, भिंतीला टेकवला,
तर आता आम्ही दोघंही एकाच बाजूला बघतो.

गयाबाई फड यांना सही येते, वाचता येत नाही.
काचेला बोट टेकवून म्हणाल्या,
‘माझ्या सहीपरीस ह्याच्यात एक काठी जास्त हाय गं.’
बघितलं.
गायाबाई.
सहा वर्षं त्यांचे अर्ज मीच टाइप करते.

काना काढला. पुढं चार ओळी झाल्या,
आणि लाईन गेली.
मॉनिटर गेला. लॅपटॉप नाही,
त्याला बॅटरी आहे, आत पंखा घुरघुरतोय,
अर्ज शाबूत, गयाबाई शाबूत,
फक्त बघायला जागा नाही.

कंट्रोल धरून एस दाबलं.
काही झालं नाही. म्हणजे,
काही दिसलं नाही.
‘झालं का?’
‘झालं असंल.’

आणि पंख्याचा आवाज ऐकत आम्ही दोघी
भिंतीकडंच बघत बसलो,
अर्ज तिथं असल्यासारखं.