उतरत्या क्रमाने

डाव्या गालावर नाण्याएवढा लाल चट्टा.
डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या,
दोन दिवस आंघोळ बंद,
तिसऱ्या दिवशी एक कागद हातात ठेवला:
ही आठ नावं टाळायची, बोगुमिऊसाहेब,
डबी उलटी करून वाचल्याशिवाय
तोंडाला काही लावायचं नाही.
सध्या काय लावता?
काही नाही, म्हणालो.

वाचण्याचं मला काय सांगता!
ग्दिनियाच्या धक्क्यावर चौतीस वर्षं
जहाजांच्या मालयाद्या वाचल्या मी.
कोळसा, केळी, हेरिंगची पिंपं,
एकदा तर सर्कशीचे दोन उंट,
कागदावर 'इतर' म्हणून.
कुठल्या कप्तानाचं 'इतर' किती जड
हे मला शिडीवरूनच कळायचं.

तर भिंग घेऊन दुकानात उभा राहिलो.
झानेता नावाची पोरगी, भुवईत बाळी,
तिने नियम सांगितला:
जे जास्त ते आधी. उतरत्या क्रमाने.
म्हणजे आमच्यासारखंच की, मी म्हणालो,
तिला काही कळलं नाही.

दोन डब्या घेतल्या.
एक चौदा झ्वॉतींची, एक चारशे वीसची.
दोन्हींत पहिलं पाणी.
मग ग्लिसरीन, मग कसलंसं मेण,
पाचव्या नावापर्यंत सख्ख्या बहिणी.
महागडीच्या झाकणावर ऑर्किडचं फूल.
आत त्याला शोधत शोधत
फेनॉक्सीइथेनॉलपाशी येऊन पोचलो,
उच्चारताना कवळी हलली.
"ही वेस," झानेता म्हणाली.
"हे टक्क्याहून जास्त घालू देत नाहीत.
इथून पुढे सगळं चिमूटभर,
आणि चिमूटभरांना रांग नाही,
कुणीही कुठेही उभं राहावं."
ऑर्किड वेशीबाहेर, तिसरं.
नाव सोनुबाई!
धक्क्यावर असतो तर
शिक्का मारला नसता मी.

चौदावाली घेतली, बिनवासाची.

घरी, आरशामागच्या फळीवर
हालश्काच्या सात डब्या.
डॉक्टरीणबाईंचा कागद पाण्याच्या नळाला टेकवून
एकेक तपासत गेलो.
पहिली निर्दोष. दुसरीत एक संशयित.
ज्याचं लेबलच पुसलं गेलंय
ती लोणच्याची निघाली, बटणं ठेवायची.
पाचव्या डबीत सगळी सापडली:
लिनालूल, लिमोनीन, जेरानिऑल, सिट्रोनेलॉल,
शेवटच्या ओळीत, एकमेकांना धरून,
थंडीत ट्रॉलीबसची वाट बघणाऱ्यांसारखी.
आणि त्यांच्या आधी एकच शब्द, परफ्यूम.
त्यात काय काय, ते लिहिलेलं नाही.
ओळखलं मी. कप्तानाचं 'इतर'.

झाकण फिरवलं.
भांडी झाल्यावर, दिवा मालवल्यावर,
कुणीतरी खोलीत आलं की यायचा तो.
इतकी वर्षं मी याला हालश्का म्हणत होतो.
चार रेणू आणि एक गुपित,
टक्क्याच्याही आतलं.

बुडाशी उघड्या डबीचं बारीक चित्र आहे,
त्यात आकडा, बारा.
उघडल्यापासून बारा महिने.
पुढे वास तोच राहतो,
फक्त हवा लागून चावरा होतो,
हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं
आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.
हालश्काला जाऊन चौदा झाले.

आता लिहूनच ठेवतो,
मालयादी आहे, खोटी नको:
क्रीममध्ये बोटाने केलेला खळगा आहे,
रुंद, ताजा.
तिचं बोट इतकं जाड नव्हतं.
मी भिंतीकडे तोंड करून झोपत नाही,
तिच्या बाजूकडे तोंड करून झोपतो,
म्हणजे वर येतो तो उजवा गाल,
उशीत जातो तो डावा.

पुढली तपासणी सतरा तारखेला.
उजव्या गालाला चौदावाली सुरू केली आहे.
तिला कसलाच वास नाही.
चांगली आहे.